आधी विकलं, मग सांगितलं

अम्मींच्या उमऱ्यासाठी आम्ही चार वर्षं पैसे साठवत होतो. पगार झाला की ठरलेली रक्कम वेगळ्या खात्यात जायची. गेल्या वर्षी त्या खात्यात १ लाख ६० हजार रुपये जमले. त्यातले ७२ हजार आम्ही एका कंपनीच्या शेअरमध्ये घातले आणि पंधरा-सोळा दिवसांत त्यांचे १ लाख २३ हजार झाले. ऐकणाऱ्याला वाटेल, नशीब उघडलं. आम्हालाही एक दिवस तसंच वाटलं. त्यानंतर जे झालं ते सांगायला संकोच वाटतो, पण आपल्या घराघरांत आज हेच चाललं आहे म्हणून सांगतो.

आम्ही दोघं पतिपत्नी, राहणार सांगली. एक जण शाळेत शिकवते, दुसरा दूध संघात हिशेब लिहितो. हा लेख दोघांनी मिळून लिहिला आहे, कारण चूकही दोघांनी मिळून केली होती.

आपल्यासारख्या घरांत बचतीची अडचण असते. बँकेचं व्याज घ्यायचं नाही, म्हणून मुदत ठेव नको. सोनं घ्यावं तर भाव परवडत नाही, आणि जमिनीच्या व्यवहारात तर आयुष्यभराची कमाई अडकते. मग शेअरचा विचार येतो. कंपनीचा धंदा हलाल असेल, ती दारू-जुगार-व्याजाच्या व्यवहारात नसेल आणि तिच्यावर व्याजी कर्ज मर्यादेत असेल, तर तिच्यात भागीदार व्हायला अनेक उलमांनी परवानगी दिली आहे. शेअर बाजारात निफ्टी ५० शरिया, निफ्टी ५०० शरिया असे निर्देशांकही आहेत. तेव्हा शेअर घेतले यात आमची चूक नव्हती. ते कुणाच्या सांगण्यावरून घेतले, इथे चूक सुरू झाली.

नात्यातल्या एका मुलाने आम्हाला मोबाइलवरच्या एका ग्रुपमध्ये घेतलं. सभासद चाळीस हजारांच्या वर, आणि ग्रुपच्या नावातच ‘हलाल’ हा शब्द. रोज सकाळी आधी सलाम, मग एक दुआ, मग एका शेअरचं नाव. त्याखाली लोकांनी टाकलेले नफ्याचे फोटो आणि ‘माशाअल्लाह’चा पाऊस. कुठल्या कंपन्या हराम आहेत याचीही यादी तिथे असायची. ती वाचून आमचा विश्वास बसला. जो माणूस इतका जपून हराम टाळतो, तो आपल्याला फसवणार नाही, असं वाटलं. २०१९ च्या जूनमध्ये बेंगळुरूची आय मॉनेटरी अ‍ॅडव्हायझरी ही कंपनी बुडाली होती. हलाल नफ्याच्या नावावर तिने हजारो मुस्लिम कुटुंबांकडून पैसे घेतले होते. तिचा संस्थापक दुबईला निघून गेला आणि जुलैमध्ये दिल्लीत परतल्यावर पकडला गेला. हे सगळं आम्ही तेव्हा वाचलं होतं, हळहळलोही होतो. पण वाचलेलं वेळेला आठवेल तर ना.

आम्ही घेतलेली कंपनी प्लास्टिकचे पाइप बनवणारी, अगदी लहान. भाव २४ रुपये. ग्रुपवर सांगण्यात आलं की आखाती देशातून तिला मोठी ऑर्डर मिळाली आहे आणि बाहेर अजून कुणाला माहीत नाही. दुसऱ्याच दिवशी अर्थविषयक बातम्या देणाऱ्या एका संकेतस्थळावर तीच बातमी आली. ऑर्डरचा आकडा कंपनीच्या वर्षभराच्या विक्रीहून मोठा. आता तर छापूनही आलं, मग शंका कसली? आम्ही ३ हजार शेअर घेतले.

पुढे रोज भाव पाच टक्क्यांनी चढू लागला. शेअर एका दिवसात किती चढावा किंवा पडावा याची बाजाराने मर्यादा घातलेली असते, तिला सर्किट म्हणतात. आमच्या शेअरची मर्यादा पाच टक्के होती. सकाळी बाजार उघडला की तो वरच्या सर्किटला जाऊन बसायचा. त्या दिवसांतली एक गोष्ट आम्हाला आज फार टोचते. ग्रुपवर एका माणसाने साधा प्रश्न विचारला होता : “या ऑर्डरचा कागद कुठे पाहायला मिळेल?” पाच मिनिटांत त्याचा प्रश्न पुसला गेला आणि त्याला ग्रुपमधून काढून टाकलं. आमच्या डोळ्यांदेखत झालं हे. आम्ही काय म्हणालो? “बरं झालं, उगाच वाईट बोलत होता.” चाळीस हजारांत एकच माणूस सगळ्यांच्या हिताचं बोलला आणि त्याच्या जाण्याचा आम्हाला आनंद झाला.

त्याच आठवड्यात आम्ही हा निरोप पाच जणांना पाठवला. तिघांनी लक्ष दिलं नाही. दोघांनी दिलं. एक मोठ्या खाला. त्यांची भिशी नुकतीच लागली होती. त्यांनी मुलाकडून खातं उघडवलं आणि ३८ रुपयांनी १ हजार शेअर घेतले. दुसरे शाळेतले शिपाई, ज्यांना सगळी शाळा मामा म्हणते. त्यांनी ३६ रुपयांनी ५०० घेतले. दोघांनीही कंपनीचं नाव आमच्याकडून पहिल्यांदा ऐकलं होतं. खाला म्हणाल्या, “मला त्यातलं काय कळतंय? तुम्ही शिकलेली पोरं घेताय म्हणून मी घेते.”

आमच्या अब्बांनी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात चौतीस वर्षं दिवाणजी म्हणून काम केलं. शेअरचं त्यांना काही कळत नाही, बाजाराचं कळतं. एका रात्री जेवताना आम्ही उत्साहाने सांगत होतो की आज पण पाच टक्के, आता ४१ चालू आहे, घ्यायला रांग आहे आणि विकायला कुणी तयार नाही. अब्बा हात धुता धुता म्हणाले, “बेटा, विकायला कुणी नाही, तर परवा खालांना हजार शेअर दिले कुणी?”

आम्ही गप्प झालो.

मग त्यांनी सौद्यातली एक युक्ती सांगितली. हळदीचा लिलाव उघड असतो. शेतकरी समोर, अडत्या समोर, खरेदीदार समोर, ढीग मधे. पण एखाद्या बाजारात कधी असं होतं, की मालवाल्याचाच माणूस गिऱ्हाईक बनून उभा राहतो आणि बोली चढवत नेतो. त्याला माल घ्यायचा नसतो. खरा गिऱ्हाईक जोरात आला की तो गुपचूप मागे सरकतो. “तुमच्या त्या ग्रुपात माल घेणारे किती आणि बोली चढवणारे किती, हे तुम्हाला दिसतंय का?” त्यांनी विचारलं. “आमच्या सौद्यात निदान तोंडं तरी दिसायची.”

इशाच्या नमाजनंतर आम्ही पहिल्यांदा शेअर बाजाराचं अधिकृत संकेतस्थळ उघडलं. हे काम पहिल्या दिवशी करायचं होतं. बाजारात नोंदलेल्या कंपनीने महत्त्वाची घडामोड शेअर बाजाराला कळवायची असते आणि ती कुणालाही फुकट वाचता येते. त्या यादीत आखाती ऑर्डरचा उल्लेखच नव्हता. उलट, भाव इतका का चढतोय, असा खुलासा बाजाराने कंपनीकडे मागितला होता आणि कंपनीने उत्तर दिलं होतं की आम्हाला अशी कोणतीही ऑर्डर मिळालेली नाही. हे उत्तर त्याच दिवशी दुपारी आलं होतं. दर तीन महिन्यांनी जाहीर होणाऱ्या भागधारकांच्या तक्त्यात कंपनीच्या मालकांचा हिस्सा कमी झालेला दिसला. मग ती बातमी पुन्हा उघडली, या वेळी मोठ्या पडद्यावर. अगदी खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की हा मजकूर प्रायोजित आहे. पैसे देऊन छापलेली जाहिरात आम्ही बातमी म्हणून वाचली होती.

आता आमची खरी चूक सांगतो. रात्रीचे साडेदहा वाजले होते. खाला जाग्या असतात, हे आम्हाला माहीत होतं. मामांचा नंबर समोर होता. आमच्यापैकी एक म्हणाला, “आत्ता कळवू या का?” दुसरी म्हणाली, “सकाळी आधी आपले निघू देत. अम्मींचे पैसे आहेत. मग सांगू.” कोण काय म्हणालं याला अर्थ नाही, कारण दोघांनीही मान हलवली. सकाळी सव्वानऊला बाजार उघडताच आमचे ३ हजार शेअर ४१ रुपयांनी विकले गेले. घेणाऱ्यांची रांगच होती. ५१ हजार रुपये नफा. त्यानंतर एक शाळेत गेली, एक कामावर गेला. दिवसभर मामा शाळेत दिसत होते, त्यांनी चहा आणून दिला. आम्ही खालांना आणि मामांना फोन केला तो मगरिबनंतर, बाजार बंद झाल्यावर.

दुसऱ्या सकाळी शेअर खालच्या सर्किटला उघडला. तिथे उलटी रांग असते. विकणारे हजारो, घेणारा कुणी नाही. खालांचा मुलगा रोज सकाळी विक्री लावायचा आणि रोज ती तशीच पडून राहायची. वीसेक दिवस असं चाललं. शेवटी १५ रुपयांना दोघांचे शेअर निघाले. खालांचे २३ हजार गेले, मामांचे साडेदहा हजार.

त्या दिवसांत खालांचा एकदा फोन आला.

“तुमचे निघाले का गं?”

“हो खाला.”

“कधी?”

“तुम्हाला फोन केला ना, त्या दिवशी सकाळी.”

त्या जरा थांबल्या. मग म्हणाल्या, “बरं झालं. तुमच्या सासूबाईंचे पैसे होते.” एवढंच. त्या रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

पुढे आम्ही या विषयावर वाचू लागलो, तेव्हा कळलं की हे फक्त गल्लीतल्या ग्रुपपुरतं नाही. जानेवारी २०२१ मध्ये सेबीने एका हिंदी अर्थवाहिनीच्या निवेदकाविरुद्ध अंतरिम आदेश काढला. कार्यक्रमात तो ज्या शेअरची शिफारस करणार असे, ते त्याच्या पत्नीच्या आणि आईच्या खात्यांतून आधीच्या दिवशी घेतले जात आणि शिफारशीनंतर विकले जात, असा ठपका होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये दुसऱ्या एका अर्थवाहिनीवर पाहुणे म्हणून येणाऱ्या तज्ज्ञांविरुद्ध असाच आदेश निघाला. वाहिनीवर काय सांगणार हे ते आधीच ठरावीक लोकांना कळवत आणि ते लोक आधी खरेदी करून ठेवत, असं सेबीने म्हटलं. मार्च २०२३ मधलं साधना ब्रॉडकास्टचं प्रकरण तर आमच्यासारखंच. ही कंपनी एक मोठा उद्योगसमूह घेणार आहे, अशा खोट्या गोष्टी यूट्यूबच्या दोन वाहिन्यांवरून पसरवल्या गेल्या. लोकांनी भराभर शेअर घेतले आणि जाणकारांनी आपले शेअर त्यांच्या गळ्यात घातले.

म्हणून सगळे पत्रकार वाईट, असं आम्ही म्हणणार नाही. १९९२ च्या एप्रिलमध्ये हर्षद मेहता प्रकरण सुचेता दलाल यांनी वर्तमानपत्रातून उघड केलं, तेव्हा सगळा बाजार मेहतांची आरती ओवाळत होता. ती बातमी देणाऱ्याला त्यातून शेअरचा नफा मिळायचा नव्हता. बातमी खरी की खोटी हे आपल्यासारख्याला लगेच कळत नाही. पण ती सांगणाऱ्याचा तिच्यात काय फायदा आहे, हे विचारता येतं. तो फायदा लपवणं, इथूनच अन्याय सुरू होतो.

आणि नेमकं हेच आपल्या दीनमध्ये किती स्पष्ट सांगितलं आहे, हे पाहून आम्हाला स्वतःची शरम वाटली. घ्यायची इच्छा नसताना केवळ भाव चढवण्यासाठी बोली लावणं याला हदीसमध्ये ‘नजश’ म्हटलं आहे आणि प्रेषितांनी (स.) ते मना केलं. बुखारी आणि मुस्लिम दोन्ही संग्रहांत ही मनाई आहे. दुसरी मनाई याहून आमच्या जवळची. त्या काळी बाहेरगावचे तांडे माल घेऊन शहराकडे यायचे. काही व्यापारी पुढे वाटेतच जाऊन त्यांना गाठत आणि बाजारभाव कळायच्या आत त्यांचा माल स्वस्तात घेत. प्रेषितांनी (स.) हे थांबवलं आणि अशा मालवाल्याला बाजारात पोहोचल्यावर तो सौदा मोडण्याचा हक्क दिला. यात व्यापारी खोटं बोललाच असं नाही. त्याला माहीत होतं, समोरच्याला माहीत नव्हतं, आणि त्या अंतराचा त्याने फायदा घेतला. सूरह हुजुरातमध्ये खबर आली की आधी शहानिशा करा, नाहीतर नकळत कुणाचं नुकसान करून बसाल, अशी ताकीद आहे. ऐकलेली प्रत्येक गोष्ट पुढे सांगत सुटणं हेच माणूस खोटा ठरायला पुरेसं आहे, अशा अर्थाची हदीसही आहे. निरोप पुढे पाठवायला तर एक बोट लागतं.

आम्ही मशिदीतल्या मौलानांकडे गेलो. ते प्रामाणिकपणे म्हणाले, “मला शेअरचं कळत नाही, आधी समजावून सांगा.” आम्ही अर्धा तास सांगितलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला : “विकायला बसलात तेव्हा तुम्हाला जे माहीत होतं, ते खालांना माहीत होतं का?” आम्ही नाही म्हणालो. “आणि त्यांनी घेतलं होतं कुणाच्या शब्दावर?” आम्ही मान खाली घातली. ते म्हणाले, “मग फतवा कशाला विचारता? तुम्हाला उत्तर माहीत आहे.”

कायद्याने आम्ही दोषी नव्हतो. कंपनीचा खुलासा जाहीर होता, कुणीही वाचू शकला असता. पण सेबीच्या २०१४ च्या नियमावलीत नोंदणीकृत शेअर विश्लेषकांवर बंधन आहे, की अहवाल काढण्याआधी ३० दिवस आणि नंतर ५ दिवस त्या शेअरचा व्यवहार करायचा नाही, आणि लोकांना दिलेल्या सल्ल्याच्या उलट स्वतः वागायचं नाही. आम्ही विश्लेषक नव्हतो. तरी पाच माणसांपुरते सल्लागार झालोच होतो. त्यांना ‘घ्या’ म्हणालो आणि स्वतः विकून मोकळे झालो.

खालांना २३ हजार द्यायला गेलो, तेव्हा त्यांनी घेतले नाहीत. म्हणाल्या, “बाजार आहे, होतं कधी.” आम्ही त्यांना सगळं सांगितलं, रात्रीचे साडेदहा आणि आमचं बोलणं, शब्दन्‌ शब्द. ते ऐकल्यावर त्यांनी पैसे घेतले, मोजले आणि ट्रंकेत ठेवले. चहा विचारला नाही. पुढच्या जुम्म्याला मात्र मुलाच्या हाती शिरखुर्म्याचा डबा आला. मामांनी साडेदहा हजार घेतले आणि फक्त म्हणाले, “मॅडम, त्या दिवशी चहा दिला तेव्हा सांगायचं की.”

५१ हजारांतून साडेतेहतीस हजार असे गेले. नफ्यावरचा कर आम्ही पगारातून भरला. उरले साडेसतरा हजार. आमचे ३ हजार शेअर ४१ रुपयांनी कुणीतरी घेतलेच होते. कुठल्या गावात कुणाची भिशी, कुणाच्या मुलीच्या लग्नाचे पैसे, कुणास ठाऊक. त्या माणसाचा पत्ता आम्हाला कधीच कळणार नाही. मौलानांच्या सल्ल्याने ती रक्कम आम्ही गरजूंच्या दवाखान्यासाठी दिली, सवाबाची नियत न ठेवता, फक्त आपल्या हातातून जावी म्हणून. त्या अनोळखी माणसाचं देणं त्याने फिटलं, असं आम्ही मानत नाही.

आता आमच्या घरात काही नियम आहेत. कंपनीची बातमी कुठेही आली, तरी आधी शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर तिची नोंद पाहायची. बातम्यांमधून पसरणाऱ्या अफवांवर २४ तासांत खुलासा करण्याची सक्ती सेबीने सर्वांत मोठ्या २५० कंपन्यांवर केली आहे. लहान कंपन्यांवर ती नाही, म्हणून तिथे दुप्पट सावध राहायचं. बातमीच्या वर-खाली ‘प्रायोजित’ शब्द शोधायचा. सल्ला देणाऱ्याचा सेबी नोंदणी क्रमांक विचारायचा, सल्लागाराचा आयएनए आणि विश्लेषकाचा आयएनएच या अक्षरांनी सुरू होतो, आणि तो सेबीच्या संकेतस्थळावर पडताळायचा. जिथे प्रश्न विचारणाऱ्याला बाहेर काढतात, तिथून आपणही निघायचं. सेबीच्याच सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर आणि ऑप्शनमध्ये व्यवहार करणाऱ्या सामान्य व्यक्तींपैकी ९३ टक्के लोक तोट्यात गेले. म्हणून त्या वाटेला जायचंच नाही. आणि शेवटचा नियम, जो आम्हाला सर्वांत महाग पडला : ज्याला आपण ‘घ्या’ म्हटलं, त्याला ‘विका’ आपल्या आधी सांगायचं. ते जमणार नसेल तर ‘घ्या’ही म्हणायचं नाही.

अम्मींनाही आम्ही सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, “माझ्या उमऱ्याच्या पैशात कुणाची हाय नको रे बाबांनो. उशीर झाला तरी चालेल.” खात्यात पुन्हा आमचे मूळ १ लाख ६० हजार आहेत. इन्शाअल्लाह, पुढच्या वर्षी अम्मी जातील. त्या म्हणतात, खालांनाही बरोबर नेऊ या. खाला अजून हो म्हणालेल्या नाहीत.